खांदेमळण

दिवाळीवर लिहिणाऱ्यांचा आपल्याकडे तोटा नाही. उटण्याचा वास, पहाटेची थंडी, पणत्यांची ओळ, आजीच्या हातची चकली यांच्यावर आजवर इतकी शाई खर्ची पडली आहे, की तिचे तेल झाले असते तर एका अख्ख्या तालुक्याची दिवाळी उजळून निघाली असती. पण दिवाळीच्या पाठोपाठ जो पाहुणा न चुकता घरी येतो, त्याच्याविषयी कुणी दोन बरे शब्द लिहिल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. हा पाहुणा म्हणजे लांबलचक सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. त्याला आमंत्रण लागत नाही. त्याच्यासाठी कुणी दारात रांगोळी घालीत नाही. उलट, तो येणार म्हणून आदल्या दिवशीच घरातील लहानथोरांची तोंडे एरंडेल घेतल्यासारखी होतात.

वास्तविक या सोमवाराने आपले असे काय वाईट केले आहे? तो काही चोरपावलांनी येत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो वर्षभर आधीपासून उघड उघड बसलेला असतो. तरीही दर खेपेस तो अवचित आल्यासारखा वाटतो. याचे कारण मला असे दिसते, की सुट्टी कॅलेंडरातून एका दिवसात संपते. अंगातून उतरायला मात्र तिला आणखी चार दिवस लागतात. रविवारी रात्री माणूस गावाहून परत येतो खरा, पण त्याचे निम्मे अंग अजून गावच्या ओसरीवरच पथारी टाकून पडलेले असते. सोमवारी कामावर जाते ते उरलेले निम्मे. आणि साहेबापुढे, गिऱ्हाइकापुढे किंवा वर्गापुढे उभे राहून साऱ्या कामाचा जाब द्यावा लागतो तोही या बिचाऱ्या निम्म्या अंगालाच!

मी शिक्षक आहे. त्यामुळे या सोमवाराशी माझा संबंध इतरांपेक्षा अंमळ जास्त. शिक्षकाला सुट्ट्या फार, असा एक समज समाजात पसरलेला आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो, की सहावी ते आठवीचे वर्ग वर्षातून किमान २२० दिवस भरले पाहिजेत. आमच्या गावच्या किराणा दुकानदाराने एकदा दुकानात बसल्याबसल्या ३६५ मधून २२० वजा केले, आणि 'गुरुजी, १४५!' असे मोठ्याने म्हणून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू ती सगळी बाकी माझ्याच खात्यावर होती. त्यातले ५२ तर नुसते रविवारच आहेत, आणि शिक्षकाने आठवड्याला तयारीसह ४५ तास काम करावे असेही त्याच कायद्यात लिहिले आहे, हे मी त्याला समजावून सांगितले. पण वजाबाकीचा आनंद ऐन भरात असताना बेरीज कुणाला ऐकायची असते?

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगांतील एका लहान गावात आहे. सुट्टीनंतरच्या सोमवारी तिचे कुलूप उघडले, की कोंडलेल्या हवेचा, खडूच्या भुकटीचा आणि आढ्यावरच्या पारव्यांचा मिळून एक वास अंगावर येतो. फळ्यावर सुट्टीपूर्वीची तारीख तशीच असते. कोपऱ्यात कुणीतरी 'शुभ दीपावली' असे लिहून त्यातली 'दी' हटकून ऱ्हस्व केलेली असते. मग मुले येतात. कुणाच्या बोटाला फटाक्याचा फोड, कुणाच्या नखांत किल्ल्याची माती, कुणाच्या अंगावर नव्या सदऱ्याची घडीसुद्धा न मोडलेली. प्रत्येकाला सगळे एकदमच सांगायचे असते. मी 'पुस्तके काढा' म्हणतो, तेव्हा पुस्तके निघतात. पण नजर त्यातल्या धड्यावर नसते, ती मामाच्या विहिरीत सूर मारीत असते. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की वर्गाचे कोठीघर होते. शाळेत शिजणाऱ्या खिचडीला त्या आठवड्यात फारसे कुणी विचारीत नाही. चिवडा तिसऱ्या दिवशी मऊ पडतो, लाडू पाचव्या दिवशी दगड होतो, आणि शेवटच्या मुलाच्या डब्यातला शेवटचा लाडू फुटला म्हणजे सुट्टी खरोखरीची संपली, असे आम्ही मास्तर मंडळी मानतो.

त्यातून मला आणखी एक दुखणे आहे. मी कादंबऱ्या लिहितो. ज्याला रोज शाळा असते त्याची कादंबरी सुट्टीतच पुढे सरकते. दिवाळीचे पंधरा दिवस मिळाले, की माझी पात्रे उठून बसतात, भांडतात, प्रेमात पडतात, घर सोडून जातात. आणि नेमका नायक घाटाच्या वळणावर एस.टी.ची वाट पाहत उभा राहिला असतानाच सोमवार उजाडतो. मग त्या बिचाऱ्याला मे महिन्यापर्यंत एस.टी. मिळत नाही. सहा महिने तो तिथे पिशवी धरून उभा असतो. मे महिन्यात मी त्याला भेटायला जातो तेव्हा तो मला म्हणतो, की मास्तर, आता कुठं जायचं होतं तेच मला आठवत नाही! माझ्यातला लेखक सोमवारावर चिडलेला असतो तो यासाठी.

माझ्या या चिडचिडीची घरात मात्र कुणी दखल घेत नाही. सोमवारी सकाळी मी तोंड लांब करून सायकलची हवा पाहत होतो, तेव्हा आमच्या मंडळींनी दारातूनच सांगितले, "अहो, तुमची सुट्टी संपली ना? मग आता माझी सुरू झाली." मी पाहतच राहिलो. मग हिशेब केला. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत या घरात जी सुट्टी होती, ती माझी आणि मुलांची होती. हिला त्या दिवसांत झाऱ्यापुढून उठायला सवड नव्हती. भाजणी, चकल्या, करंज्या, आलेगेले, नणंदांची ओवाळणी, भाच्यांची आंघोळ! सोमवारी सकाळी साडेदहाला सगळे आपापल्या वाटेने गेल्यावर तिने पंधरा दिवसांत पहिल्यांदा बसून चहा घेतला असणार. एकाच दिवशी एकाच घरात कुणाची सुट्टी संपते आणि कुणाची सुरू होते, हे कुठल्याही दिनदर्शिकेत छापलेले नसते.

त्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी विचार करू लागलो, की आपल्या जुन्या माणसांनी सुट्टी आणि काम यांच्यामधली ही वाट कशी चालली असेल? आणि मला असे दिसले, की सुट्टीतून एकदम कामात ढकलून देण्याची रीत आपल्याकडे मुळातच नव्हती. मध्ये एखादी पायरी असायची. मराठेशाहीत पावसाळाभर फौजा घरी असत. नद्यांना पूर, वाटांवर चिखल, शेतात कामे. दसरा उजाडला म्हणजे मोहिमेवर निघायचे. पण त्या दिवशी काय, तर आदल्या नवमीला शस्त्रे पुसून पुजायची, आणि दशमीला गावाची शीव ओलांडायची. मोठी मजल पुढे होतीच; त्या दिवसापुरते नुसते सीमोल्लंघन झाले तरी पुरे. आजही कित्येक गुजराती व्यापारी दिवाळीत बंद केलेली पेढी कार्तिक शुद्ध पंचमीला, लाभपंचमीला, मुहूर्त पाहून उघडतात. कामावर परतायला मुहूर्त! आपल्या सोमवाराला असा मुहूर्त कुणी पाहिला असता, तर तो इतका बदनाम झाला नसता.

विद्येच्या बाबतीत तर जुने लोक फारच सावध. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या दिवशी वेदाध्ययन बंद. ढग गडगडले तरी बंद. घरी थोर पाहुणा आला तरी बंद. याला अनध्याय म्हणत. प्रतिपदेला अभ्यास करणाऱ्याची विद्या क्षीण होते, असाही समज होता. वाल्मीकींच्या सुंदरकांडात सीता किती खंगली आहे हे सांगताना हनुमंताला हीच उपमा सुचली आहे: प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या विद्येसारखी ती कृश झाली होती. सुट्टीत गृहपाठाचे गठ्ठे देणाऱ्या आम्हा शिक्षकांनी ही उपमा शिक्षकखोलीत लावून ठेवण्यासारखी आहे.

आणि पंढरपूर? आषाढी-कार्तिकीची गर्दी होऊ लागली, की विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. देवाची झोप बंद. रात्रंदिवस उभे राहून तो येईल त्याला दर्शन देतो. काकडा, शेजारती हे नित्याचे उपचार त्या दिवसांत होत नाहीत. यात्रा पांगली म्हणजे प्रक्षाळपूजा करतात. मंदिर धुऊन काढतात, देवाच्या पायांना लिंबूसाखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री शीण जाण्यासाठी त्याला काढा देतात. मग देव निजतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नित्याचे वेळापत्रक सुरू होते. ज्या लोकांनी देवाचेसुद्धा पाय दुखत असतील असे मनात आणले, त्यांना विश्रांती म्हणजे काय ते कळले होते, यात शंका नाही.

पण मला स्वतःला ही गोष्ट शिकवली ती पंढरपूरने नव्हे, आमच्या गोठ्याने. आमचे आप्पा शेतकरी होते. दावणीला एकच बैलजोडी, पण तिचा थाट असा, की पोळ्याच्या दिवशी आम्हा भावंडांना नवे कपडे नसले तरी बैलांना नवी वेसण आणि नवा कासरा हा असायचाच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते, हे शेतकऱ्याच्या घरच्या वाचकांना सांगायला नको; शहरातील वाचकांसाठी सांगतो. त्या दिवशी बैलांना ओढ्यावर नेऊन धुवायचे. संध्याकाळी, वर्षभर जू वाहून ज्या ठिकाणी कातडे राठ झालेले असते त्या खांद्यावर हळद आणि तूप किंवा लोणी लावून हळूहळू मळायचे. मग त्यांना आवतण द्यायचे, की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आप्पा हे शब्द गंभीरपणे, बैलाच्या कानाशी वाकून म्हणत. गावातील पाहुण्याला आमंत्रण देताना त्यांचा आवाज एवढा मऊ झालेला मी कधी ऐकला नाही. मी कंदील धरून उभा असे. बैलाचा खांदा तुपाने चकाकू लागे, आणि आप्पांचा तळवा त्यावरून फिरत राही. एकदा मी विचारले, "आप्पा, पुन्हा तिथंच जू ठेवायचं, मग मळायचं कशाला?" ते म्हणाले, "पुन्हा तिथंच ठेवायचं, म्हणून तर मळायचं."

पोळा झाला. पुरणपोळी खाऊन, शिंगांना बेगड लावून, वेशीपर्यंत मिरवून बैल परत आले. दुसऱ्या दिवशी आप्पा त्यांना शेतावर नेत. पण पहिल्या दिवशी औत दुपारपर्यंतच. तेही घट्ट रानात नाही, मऊ रानात कुळवाच्या दोनचार फेऱ्या, आणि सोडून द्यायचे. शेजारचे शेतकरी हसत. आप्पा म्हणत, "त्याच्या मानंला आधी कळू द्या की सण संपला." आता आमच्या गोठ्यात बैल नाहीत. आप्पा गेले, भावाने ट्रॅक्टर घेतला. गावात पोळ्याला वेशीत येणाऱ्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. पण सुट्टीनंतरच्या सोमवारी वर्गात शिरताना मला आप्पांचे ते वाक्य आठवते. त्या दिवशी मी नवा धडा काढीत नाही. पहिल्या तासाला आम्ही वर्ग झाडतो, फळा पुसतो, पाढे म्हणतो, ज्याला जे सांगायचे ते सांगू देतो. दुपारनंतर दोन सोपी गणिते. म्हणजे मऊ रानात कुळवाच्या दोनचार फेऱ्या.

इथवर आलो, आणि मनात एक शंका डोकावली. बैलाचे ठीक आहे. त्याला पोळा मालकाने दिला. त्याने तो मागितला नव्हता, आणि मालकाने तो बंद केला तर तो काही बोलणार नाही. माणसाचे काय? माणसाला विश्रांती कुणी दिली?

ती मागावी लागली, असे इतिहास सांगतो. आज आपण रविवार हा सूर्यचंद्रासारखा पहिल्यापासून असल्याप्रमाणे वागतो. पण मुंबईच्या गिरण्यांत पहाटेच्या अंधारात आत जाऊन सांजावल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसांना आठवड्याच्या हक्काच्या सुट्टीचा एक दिवस नव्हता. सत्यशोधक चळवळीत वाढलेले नारायण मेघाजी लोखंडे हे काही काळ स्वतः गिरणीत नोकरीला होते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र चालवले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा एक अर्ज तयार केला. त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने गलबलून येते: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच वेळ काम असावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. सहा वर्षे ही मागणी चालली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. रविवारी उशिरा उठून दुसऱ्या चहाची वाट पाहताना त्यांचे नाव आपल्याला सहसा आठवत नाही. टपाल खात्याने मात्र २००५ मध्ये त्यांचे तिकीट काढून थोडी लाज राखली.

सोमवाराचा सगळा रंग मला यामुळे निराळा दिसू लागला. ज्याला रविवार आहे त्यालाच सोमवार आहे. सुट्टी संपल्याचे दुःख हे सुट्टी मिळालेल्या माणसाचे दुःख आहे. आमच्या मंडळींच्या सुट्टीची मागणी करणारा लोखंडे अजून जन्मायचा आहे, हे मी वर सांगितलेच. आणि आमच्या डोंगरात राहणाऱ्या हजारो माणसांच्या बाबतीत तर १८९० साल अजून उजाडायचे आहे.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातील गावे रिकामी होऊ लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याची ही वेळ. काही टोळ्या दसऱ्यालाच निघतात, काही पाडवा-भाऊबीज करून. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊस असेल तिथे जायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणे, ज्वारीचे पोते, शेळी, कोंबड्या, आणि त्यांच्यावर बसलेली माणसे. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हिशेबात दोन माणसे मिळून एक कोयता. त्याने ऊस तोडायचा, तिने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. गाडी रात्री दोन वाजता आली तर रात्री दोन वाजता भरायची. उसाच्या फडाला रविवार ठाऊक नाही. अंग दुखले म्हणून एक दिवस घरी राहिले, तर तो 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी गेलीच, आणि अनेक ठिकाणी वर दंडही. सहा-सहा महिने हे चालते. हंगाम संपला की माणसे गावी येतात, लग्ने-कार्ये उरकतात, पाऊस येतो, आणि पुन्हा उचल.

म्हणून सुट्टीनंतरच्या सोमवारी आमच्या शाळेत जी हजेरी होते, ती ऐकणे जिवावर येते. मी नाव घेतो आणि उत्तर भलत्याच कोपऱ्यातून येते: "कोयत्याला गेला, सर." "कारखान्यावर गेली, सर." "त्याचं बिऱ्हाड काल रातच्याला गेलं, सर." तरीही मी सगळी नावे घेतो, एकही गाळीत नाही. नाव घेतले गेले की ते पोर अजून या वर्गाचे आहे, असे मला वाटते. ती मुले फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात, पाणी आणतात, वाढे गोळा करतात. कुठे कारखान्याजवळ शाळा असते, कुठे नसते. मे महिन्यात परत आली म्हणजे त्यांना जोडाक्षरे पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागतात.

दिवाळीच्या आधी आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. तुम्ही जा, पण पोराला आजीजवळ ठेवा. गावात हंगामी वसतिगृहाचे जेवण मिळेल, शाळा बुडणार नाही, असे सांगतो. काही ऐकतात, काहींना ऐकणे परवडत नाही. मुलगी वयात आली असली, तर तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची, असे तिची आई विचारते. तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसते.

गेल्या वर्षी अशीच एक सहावीतील मुलगी मागे राहिली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील गेले. सोमवारी ती आली तीच सगळ्यांच्या आधी. शाळेचे कुलूपही उघडले नव्हते. पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसली होती. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली आणि कागदाची पुडी पुढे केली. आत चार शंकरपाळे होते.

"आजीनं केले का गं?" मी विचारले.

"न्हाई सर. आईनं. जाताना मोठा डबा भरून ठेवलाय. म्हणली, रोज एक मूठ खायची. तसं खाल्लं तर संक्रांतीपर्यंत पुरतंय."

"अगं, मग मला चार दिलेस, तुझे कमी नाही का पडायचे?"

तिने थोडा विचार केला. सहावीच्या मुलीच्या मनाने तेवढ्यात काय हिशेब केला असेल तो असो. म्हणाली, "एक दिस धाकली मूठ घ्यायची, सर."

मी दोन खाल्ले, दोन तिला परत दिले. तिने ते खाल्ले नाहीत. पुडीची घडी करून दप्तरात ठेवले. मग पुस्तक काढले आणि म्हणाली, "सर, आज नवा धडा घेणार का?"

सगळ्या वर्गाला सुट्टी संपल्याचे वाईट वाटत होते, आणि ही एकटी नव्या धड्याची वाट पाहत होती. घरी आजी आणि डबा एवढेच होते. इथे पंचवीसतीस माणसे, घंटा, खिचडी, आणि दिवस पुढे ढकलणारे वेळापत्रक होते. कामाचा आठवडा म्हणजे ओझे असे आपण धरून चालतो. पण ज्याच्या घरात पोकळी आहे त्याला या आठवड्याचाच आधार असतो. आप्पांच्या रीतीप्रमाणे पहिल्या दिवशी औत अर्धाच दिवस. पण त्या दिवशी दुपारनंतर मी नवा धडा घेतला. सगळ्यांनी कुरकूर केली. ती मात्र ताठ बसून बोट फिरवीत वाचत होती.

संक्रांतीच्या सुमारास मी तिला डब्याचे विचारले. तळाशी अजून थोडे आहेत, म्हणाली. मे महिन्यात तिचे आईवडील आले, आणि यंदा ती सातवीत बसते आहे. ही दिवाळी झाली की ते पुन्हा जातील. तिला ठेवतील की नेतील, हे मी हे लिहीत असताना ठरलेले नाही. मी त्यांच्या घरी एकदा जाऊन आलो आहे, धनत्रयोदशीच्या आत आणखी एकदा जाणार आहे. माझा नायक घाटाच्या वळणावर आणखी दोन दिवस थांबला तर बिघडत नाही. त्याला सवय आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात तळणीचा वास असेल, पोरांचा किल्ला अर्धा झालेला असेल आणि सोमवार अजून लांब असेल. सण मनसोक्त करा. ज्या हातांनी फराळ केला त्यांना एक दिवस तरी उठू देऊ नका. त्यांचा चहा आपण करून द्या. आणि डबे संपवताना चिवड्याची एक मूठ, दोनचार शंकरपाळे तळाशी राखून ठेवा. सोमवारी डब्यात घालायला होतील. शेजारी बसणाऱ्याच्या घरचा फराळ संपलेला असेल, किंवा झालाच नसेल, तर त्यालाही द्यायला होतील.